दोन राजे, दोन घोडे आणि मोनिका सोच्को

पटावर दोन राजे आणि दोन घोडे उरले, की बुद्धिबळाच्या क्लासला जाणारं दहा वर्षांचं पोरही हात पुढे करतं. बरोबरी झाली, उठा. वर्षानुवर्षं सगळे हेच करत आलेत आणि त्यात चूकही काही नाही, कारण या स्थितीतून सहसा कुणी जिंकत नाही. पोलंडची मोनिका सोच्को मात्र जिंकली. तेही विश्व अजिंक्यपदाच्या स्पर्धेत आणि पंचांनी बरोबरी जाहीर केल्यानंतर.

ऑगस्ट २००८, रशियातलं नाल्चिक. महिलांच्या विश्व अजिंक्यपदाची ६४ जणींसाठी आखलेली बाद फेरीची स्पर्धा. रशिया आणि जॉर्जियामधलं युद्ध त्याच महिन्यात झालं होतं, त्यामुळे जॉर्जियाच्या खेळाडू आल्याच नव्हत्या. पहिल्या फेरीत सोच्कोसमोर होती रुमानियाची १९ वर्षांची सबिना फोइशोर, जी पुढे अमेरिकेत गेली आणि २०१७ मध्ये तिथली महिला विजेतीही झाली. क्लासिकल डावांत निकाल लागला नाही, जलद आणि अतिजलद डावांतही लागला नाही. मग उरतो तो अर्मागेडन. यात पांढऱ्या मोहऱ्यांना ६ मिनिटं, काळ्यांना ५ आणि त्या एका जास्तीच्या मिनिटाची किंमत अशी, की बरोबरी झाली तर काळी मोहरी घेतलेली खेळाडू पुढे जाते. सोच्कोकडे पांढरी मोहरी होती. तिला जिंकणं भागच होतं.

हाणामारीत एकेक मोहरा पटावरून गेला. दोन्हीकडे फक्त राजा आणि घोडा उरला. दर खेळीला सेकंद वाढवून देणारी सोय या डावात नव्हती, म्हणजे आहे त्या वेळेतच खेळायचं. दोघी खेळत राहिल्या, घड्याळावर हात आपटत राहिल्या आणि फोइशोरचा वेळ आधी संपला. पंचांनी पटाकडे पाहिलं आणि बरोबरी दिली. बरोबरी म्हणजे फोइशोर पुढच्या फेरीत. सोच्कोनं हरकत घेतली. प्रकरण अपील समितीकडे गेलं, निर्णय फिरला आणि सोच्को पुढे गेली.

त्या डावाची चित्रफीत आजही फिरत असते आणि ती पाहणारे बहुतेक जण अर्धीच गोष्ट सांगतात. नियम नेमका काय आहे ते पाहू. वेळ संपलेला खेळाडू हरतो, याला एक अपवाद आहे. समोरच्याला कायदेशीर खेळ्यांच्या कुठल्याही क्रमानं, तुम्ही कितीही गाढवपणे खेळलात तरीही, मात करताच येणार नसेल तर डाव बरोबरीत सुटतो. ‘सहसा मात होत नाही’ किंवा ‘चांगला खेळाडू असं होऊ देणार नाही’ याला नियमात जागा नाही. प्रश्न एवढाच, की मात शक्य आहे का?

तर पट मांडून बघा. काळा राजा ए८ या कोपऱ्यातल्या घरात. काळा घोडा त्याच्या शेजारी बी८ वर. पांढरा राजा बी६ वर. आता पांढरा घोडा डी५ वरून सी७ वर आणा. शह बसला. काळ्या राजाला जायला तीनच घरं होती. ए७ आणि बी७ या दोन्हींवर पांढऱ्या राजाची नजर आहे आणि बी८ वर त्याचाच घोडा ठाण मांडून बसलाय. त्या घोड्याला सी७ वरचा पांढरा घोडा मारता येत नाही, कारण बी८ वरून त्याची उडी ए६, सी६ आणि डी७ एवढ्याच घरांवर पडते. मात. गंमत अशी, की ही मात काळ्याकडे घोडा आहे म्हणूनच होते. एकट्या राजाला राजा आणि घोडा मिळून कधीच मात करू शकत नाहीत, कारण पळायचं शेवटचं घर अडवायला कुणी नसतं. म्हणजे फोइशोरकडे घोडा नसता, तर वेळ संपूनही ती पुढच्या फेरीत गेली असती.

जो कुणी अर्मागेडन खेळतो, त्यानं हे पाठ करून ठेवावं. काळ्या मोहऱ्या आहेत, बरोबरी पुरते आणि घड्याळात २० सेकंद उरलेत, अशा वेळी शेवटचा मोहरा सांभाळत बसायचं नाही. समोरच्याकडे घोडा आणि एकच प्यादं असेल तर त्या प्याद्यावर आपला घोडा टाकायचा. राजानं तो मारला तर समोर राजा-घोडा, आपला एकटा राजा आणि डाव तिथल्या तिथे संपला. घड्याळाला काही अर्थच उरला नाही. मात्र दोन्हीकडे घोडे उरल्यावर ही युक्ती अवघड होते. तुम्ही घोडा पुढे केला तरी समोरच्यानं तो घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. जाणता खेळाडू तो घेणार नाही, राजा बाजूला सरकवेल आणि तुमचा वेळ पळत राहील. म्हणून निर्णय एक पायरी आधी, त्या शेवटच्या प्याद्याच्या वेळी घ्यायचा असतो. आणखी एक. ज्या हातानं मोहरा हलवला त्याच हातानं घड्याळ दाबावं लागतं, म्हणून घड्याळाच्या बाजूला राजाच्या छोट्या, सरळ खेळ्या कराव्यात. पटाच्या पलीकडच्या टोकाला घोडा नाचवला तर दर खेळीला अर्धा सेकंद हाताच्या प्रवासातच जातो.

सोच्कोनं खिलाडूवृत्ती दाखवली नाही, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला ते पटत नाही. अर्मागेडन हा सौदा आहे. काळ्याला बरोबरीचा फायदा मिळतो, बदल्यात त्याच्याकडे एक मिनिट कमी असतं. फायदा घेतला, की तोटाही आपलाच. बरोबरीचा फायदा नियमानं आणि वेळेचा तोटा मात्र दिलदारीनं माफ, असं चालत नाही. शिवाय पंच बरोबरी देऊन मोकळे झालेले, भोवती गर्दी, स्पर्धा हातातून गेलेली, अशा क्षणी नियम डोक्यात लख्ख असणं हीसुद्धा तयारीच. सुरुवातीच्या खेळ्यांचे वीस प्रकार पाठ असलेल्या किती खेळाडूंना हा एक परिच्छेद पाठ असतो?

आता मोठ्या स्पर्धांतून ही भानगड बरीचशी गेली. अलीकडच्या विश्वचषकात शेवटी ३ मिनिटं अधिक दर खेळीला २ सेकंद असे डाव निकाल लागेपर्यंत खेळवतात. दोन सेकंद मिळत असले, की घोडा विरुद्ध घोडा यात कुणी वेळ संपून हरत नाही.

ही एक चित्रफीत सोडून सोच्कोची कारकीर्द पाहायला हवी आणि ती लांब आहे. जन्म वॉर्सॉचा, २४ मार्च १९७८. माहेरचं नाव मोनिका बोब्रोव्स्का. १९९५ मध्ये, सतराव्या वर्षी, ती पहिल्यांदा पोलंडची महिला विजेती झाली आणि हे अजिंक्यपद नंतर तिनं पुन्हा पुन्हा घेतलं. पती बार्तोश सोच्को हाही ग्रँडमास्टर. २००८ मध्ये पोलंडचं पुरुषांचं अजिंक्यपद त्यानं जिंकलं आणि महिलांचं तिनं.

वॉर्सॉ हे स्त्रियांच्या बुद्धिबळाला नवखं गाव नव्हे. १९३५ मध्ये महिलांची विश्व अजिंक्यपद स्पर्धा इथेच झाली होती. व्हेरा मेंचिकनं नऊपैकी नऊ डाव जिंकले आणि दुसरी आली वॉर्सॉची २२ वर्षांची रेगिना गेर्लेत्स्का, साडेसहा गुण घेऊन. त्याच वर्षी ती पोलंडची पहिली महिला विजेतीही झाली. मग युद्ध आलं. पुढे १९८० च्या माल्टा ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशादेशांच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेत, पोलंडच्या महिलांना कांस्य मिळालं आणि १९८२ मध्ये अग्न्येश्का ब्रुस्तमन मुलींमध्ये जागतिक ज्युनियर विजेती झाली. म्हणजे सोच्को शिकत होती तेव्हा तिच्या देशात स्त्रियांनी वरच्या दर्जाचं खेळणं ही काही अचंब्याची गोष्ट राहिली नव्हती. पण महिला ग्रँडमास्टर हा वेगळा किताब आहे आणि ज्याला नुसतं ग्रँडमास्टर म्हणतात तो वेगळा. हा दुसरा किताब पोलंडमधल्या कुठल्याही स्त्रीकडे नव्हता. सोच्कोला तो २००८ मध्ये मिळाला.

हे किती कठीण आहे, ते आकड्यांशिवाय कळत नाही. ग्रँडमास्टर व्हायला मानांकन, म्हणजे निकालांवरून ठरणारा ताकदीचा आकडा, एकदा तरी २५०० ला टेकावं लागतं. त्याशिवाय नॉर्म हवेत, म्हणजे ठरावीक दर्जाच्या स्पर्धेत २६०० च्या तोडीची कामगिरी. असे मिळून किमान २७ डाव भरले पाहिजेत; साधारणपणे नऊ फेऱ्यांच्या तीन स्पर्धा. महिला ग्रँडमास्टरसाठी हेच आकडे २३०० आणि २४०० आहेत. दोन किताबांत २०० गुणांची दरी आहे आणि बुद्धिबळात २०० गुण म्हणजे वरच्या खेळाडूनं चारपैकी तीन गुण घ्यावेत एवढा फरक.

नऊ फेऱ्यांत २६०० ची कामगिरी म्हणजे काय? समोरच्या नऊ जणांच्या मानांकनाची सरासरी २३८० असेल तर ७ गुण हवेत. सरासरी २४३४ झाली तर साडेसहा पुरतात, २४७५ ला ६, २५२० ला साडेपाच. त्या नऊ जणांत किमान तीन ग्रँडमास्टर हवेत, निम्मे तरी किताबधारी हवेत, आपल्याच देशाचे पाचाहून जास्त चालत नाहीत. यातली एक अट चुकली, की बाकीची सगळी मेहनत पाण्यात. दुसऱ्या फेरीत एखादा डाव गेला, की सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावणाऱ्या स्विस पद्धतीत खाली ढकललं जातं आणि २५०० च्या जागी २२०० चा खेळाडू समोर येतो. तो डाव तुम्ही आरामात जिंकता, पण सरासरी ३३ गुणांनी खाली येते आणि शेवटी अर्धा गुण जास्त लागतो. शेवटच्या फेरीत तिसरा ग्रँडमास्टर वाट्याला आलाच नाही म्हणूनही नॉर्म जातो, कामगिरी २६०० च्या कितीही वर असली तरी. त्यात तुमचा दोष काहीच नसतो.

स्त्री खेळाडूची खरी अडचण इथे सुरू होते. महिलांच्या स्पर्धांत ग्रँडमास्टर मोजक्या असतात आणि सरासरी बऱ्याचदा २३८० च्या खाली राहते. ती खाली गेली, की नऊपैकी नऊ जिंकूनही ग्रँडमास्टरचा नॉर्म मिळत नाही. मानांकनाचंही तेच. २४०० ओलांडलेल्या खेळाडूला आपल्याच तोडीच्या खेळाडूविरुद्धच्या विजयाचे ५ गुण मिळतात, हरली तर ५ जातात. आता समजा ती २४५० वर आहे आणि समोरची २३५० वर. जिंकली तर साडेतीनच्या आसपास, बरोबरी झाली तर दीडच्या आसपास वजा. म्हणजे एक विजय आणि दोन बरोबऱ्या झाल्या, की जवळजवळ सगळं हिशेबात गेलं. महिलांच्या स्पर्धांत बक्षिसाची खात्री जास्त आणि वर चढायची वाट अरुंद. खुल्या स्पर्धांत वाट आहे, पण नऊ दिवस आपल्याहून बलवान खेळाडूंशी झुंजून हाती काहीच न लागण्याची तयारी ठेवावी लागते. दोन्हीकडे खेळत राहायचं, देशाच्या संघाचं कामही करायचं आणि तरी २५०० पार करायचं, हे सोच्कोनं केलं. माझ्या मते नाल्चिकच्या त्या सहा मिनिटांपेक्षा हे कितीतरी मोठं आहे, पण याची चित्रफीत निघत नाही.

ग्रँडमास्टर किताब स्त्रीला पहिल्यांदा दिला गेला तो १९७८ मध्ये, जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विलीला. तेच सोच्कोचं जन्मवर्ष. नॉर्म आणि मानांकनाच्या नेहमीच्या वाटेनं तो मिळवणारी पहिली स्त्री सुसान पोल्गार, १९९१ मध्ये. तिसरीही एक वाट आहे आणि ती आपल्याकडे आता घरोघरी माहीत आहे. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमीचा महिला विश्वचषक जिंकून थेट ग्रँडमास्टर झाली. तेव्हा तिच्याकडे एकही नॉर्म नव्हता. ‘मग ती खरी ग्रँडमास्टर का?’ असा प्रश्न तेव्हा काहींनी विचारला. खरीच. जगातल्या सर्वांत बलवान खेळाडूंमधून, एक सामना हरला की घरी, अशा स्पर्धेत शेवटपर्यंत टिकणं हे तीन नॉर्मइतकंच अवघड आहे. सोच्को ज्या वाटेनं गेली तिथे सातत्याचा कस लागतो, दिव्या गेली तिथे तीन आठवडे एकही घसरण चालत नाही.

सोच्कोच्या कारकिर्दीतला मला सर्वांत आवडणारा भाग संघाचा आहे. १९९० च्या दशकापासून ती पोलंडकडून ऑलिंपियाड खेळते आहे. २००२ मध्ये ब्लेडला पोलंडच्या महिलांनी कांस्य मिळवलं. तेव्हा महिलांचा सामना तीन पटांवर व्हायचा, फेऱ्या १४ असायच्या आणि क्रमवारी पटावरच्या गुणांवर लागायची. म्हणजे ४२ डावांतला प्रत्येक अर्धा गुण मोजला जायचा. दुबळ्या संघाविरुद्ध ३–० ऐवजी २.५–०.५ झालं तरी ते शेवटी अंगाशी यायचं. २००५ मध्ये गोटेबोर्गला पोलंडनं युरोपीय सांघिक अजिंक्यपदाचं सुवर्ण घेतलं. २००८ पासून ऑलिंपियाडची रीत बदलली. चार पट झाले, फेऱ्या ११ झाल्या आणि सामना जिंकल्याचे २ गुण मिळू लागले, मग तो ४–० नं जिंका नाहीतर २.५–१.५ नं.

याचा पटावरच्या खेळावर थेट परिणाम होतो. जुन्या रीतीत बरी स्थिती असेल तर खेळत राहणं फायद्याचं होतं. नव्या रीतीत संघ २–१ नं पुढे असेल, तर चौथ्या पटावर बरोबरी म्हणजे सामना खिशात. उलट संघ मागे असेल तर बरोबरीची स्थिती मुद्दाम बिघडवून जिंकायला जावं लागतं आणि त्यात हरण्याचा धोका आपल्याच मानांकनावर घ्यावा लागतो. अनुभवी खेळाडूची किंमत इथे कळते. शेजारच्या तीन पटांवर नजर टाकून कुठे काय होणार याचा अंदाज घेणं, आपली घाई दुसरीच्या घड्याळावर न लादणं, हे संगणकावर शिकता येत नाही. २०१६ मध्ये बाकूला पोलंडनं रौप्य जिंकलं. चीन पहिला, पोलंड आणि युक्रेन १७ गुणांवर बरोबरीत आणि टायब्रेकवर, म्हणजे बरोबरी सोडवायच्या निकषावर, पोलंड वर. त्या संघात योलान्ता झवाद्झ्का, करीना श्चेपकोव्स्का, क्लाउडिया कुलोन आणि मारिओला वोझ्न्याक होत्या. १४ वर्षांपूर्वीच्या ब्लेडच्या संघातली एकटी सोच्को उरली होती. बाकीचा अख्खा संघ बदलला होता.

भारतीय चाहत्यांना पोलंडचा संघ विसरता येणार नाही याला दोन कारणं आहेत. पहिलं २०२२ चं, मामल्लपुरमचं. घरच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या मुली सुवर्णाच्या वाटेवर होत्या आणि नवव्या फेरीत पोलंडनं त्यांना २.५–१.५ नं हरवलं. ओलिविया क्यौबासानं वैशालीला हरवून नऊपैकी नऊ केले. शेवटी ११ डावांत साडेनऊ गुण आणि तिसऱ्या पटाचं सुवर्ण तिनं नेलं. भारताला कांस्यावर समाधान मानावं लागलं.

दुसरं बुडापेस्टचं, सप्टेंबर २०२४. भारतानं सातपैकी सात सामने जिंकले होते आणि आठव्या फेरीत पुन्हा पोलंड समोर आलं. ऑलिंपियाडमध्ये ४० खेळ्यांना दीड तास, पुढे अर्धा तास आणि पहिल्या खेळीपासून दर खेळीला ३० सेकंद मिळतात. डाव सहज पाच तास चालतो आणि आठव्या फेरीपर्यंत असे अनेक डाव अंगात साचलेले असतात. पंचविशीच्या आतल्या खेळाडूला त्याचं फारसं काही वाटत नाही. चाळिशीनंतर चौथ्या तासात आकडेमोडीत एखादी खेळी निसटू लागते, म्हणून अनुभवी खेळाडू पहिल्या दोन तासांत वेळ जपतात आणि स्थिती आपल्या ओळखीची ठेवतात. त्या दिवशी भारताकडून दिव्या जिंकली, पण अलीना काशलिन्स्कायानं हरिकाला हरवलं. ४६ वर्षांच्या सोच्कोसमोर २३ वर्षांची वैशाली होती, तिच्याहून निम्म्या वयाची आणि नुकतीच ग्रँडमास्टर झालेली. सोच्को जिंकली आणि सामना पोलंडनं २.५–१.५ असा घेतला. त्या वर्षी सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय मुलींनी अख्ख्या स्पर्धेत गमावलेला हा एकच सामना.